बाकुचिऑल हवं, बावचीचं तेल नको

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४१. डोळ्यांच्या कडेला रेघा आल्यात आणि दोन्ही गालांवर वांग आहे. मैत्रिणीने सांगितलं म्हणून दोन महिने रेटिनॉलचं सीरम लावलं, तर त्वचेचे पापुद्रे सुटायला लागले. आता नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरतं. रेटिनॉलऐवजी वनस्पतीपासून केलेलं बाकुचिऑल लावावं असं वाचलं. ते बावचीतूनच काढतात ना? सासूबाई म्हणाल्या, मग महागडी बाटली कशाला, बावचीचं तेलच लाव. काष्ठौषधींच्या दुकानातून तेल आणलंय, अजून लावलेलं नाही. धाकट्या जाऊबाईंनाही चालेल का? त्यांना चौथा महिना चालू आहे.
– एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, तेल लावण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. ते चेहऱ्याला लावू नका. एकदासुद्धा नको.

माझे वडील वैद्य होते. कराडच्या आमच्या घरी माडीवर बावचीचं बी गोमूत्रात भिजत घातलेलं असायचं आणि रोज गोमूत्र बदलायचं काम माझ्याकडे होतं. काळपट, चपटं बी, हाताला लागलेला त्याचा वास साबणानेही लवकर जात नसे. कोडाच्या डागावर लेप लावताना वडील काडीला कापूस गुंडाळायचे आणि डागाच्या कडेच्या आतआतच लावायचे. मग रुग्णाला ओसरीवर सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवायचे आणि स्वतः घड्याळ घेऊन शेजारी बसायचे. बावची लावलेल्या माणसाला उन्हात सोडून उठायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

पुढे त्वचारोगाचं शिक्षण घेताना त्या नियमाचं कारण कळलं. बावचीच्या बियांत सोरालेन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेत मुरली आणि वर ऊन पडलं की त्वचा उन्हाला कितीतरी पटींनी हळवी होते आणि रंग तयार करणाऱ्या पेशी जाग्या होतात. कोडावर उपचार म्हणून सोरालेन देऊन ठरावीक मात्रेत अतिनील किरण देतात, ते याच तत्त्वावर. आता तुमच्या गालांचा विचार करा. वांग म्हणजे तिथे रंग आधीच जास्त झालाय. कोडावर जे औषध रंग आणायला वापरतात, तेच तुम्ही वांगावर चोळणार होतात.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. ऑनलाइन मागवलेलं ‘बबची ऑइल’ त्या सकाळी आंघोळीनंतर लावायच्या, स्कार्फ बांधायच्या आणि स्कूटरवरून शाळेत जायच्या. स्कार्फखालचा चेहरा जवळजवळ ठीक होता. डोळ्यांभोवतीची, नाकाच्या वरच्या भागावरची उघडी पट्टी मात्र लालभडक होऊन फोडांनी भरली होती. कानामागून तेलाचा एक ओघळ मानेवर उतरला होता, तोही जसाच्या तसा भाजून उठला होता. अशी भाज लगेच दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते, म्हणून तेलाचा संशय त्यांना आलाच नाही. फोड आठवड्याभरात सुकले. मागे राहिलेला तपकिरी डाग पुढच्या संक्रांतीपर्यंत पुसट दिसत होता.

बाकुचिऑल निघतं त्याच बियांतून, पण ते वेगळं द्रव्य आहे. ते पहिल्यांदा वेगळं केलं ते आपल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये. मला याचा मनापासून अभिमान वाटतो आणि दुकानात परदेशी बाटलीवर हे नाव वाचताना दर वेळी त्याची आठवण होते. सौंदर्यप्रसाधनांसाठी ते शुद्ध करताना सोरालेन काढून टाकावी लागतात. तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः या शुद्धीकरणाचे, आणि घरी ते करता येत नाही. बाटलीवर ‘बाकुचिऑल’ असं स्पष्ट नाव आणि ०.५ ते १ टक्का प्रमाण लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसतं ‘बावची तेल’ किंवा ‘बावची अर्क’ असेल तर ठेवून द्या.

उपयोग होतो का? रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचं रूप आहे, बाकुचिऑलची रचना तशी अजिबात नाही, तरी त्वचेतली काही कामं दोघं सारखी करतात. २०१९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४४ जण, १२ आठवडे. काहींना अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा, काहींना अर्धा टक्का रेटिनॉल रात्री एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे कमी झाले, फारसा फरक नव्हता. पापुद्रे आणि चुरचुर मात्र रेटिनॉलवाल्यांना जास्त. तरी ४४ जण म्हणजे थोडेच. रेटिनॉलच्या कुळातल्या ट्रेटिनॉइनमागे पन्नास वर्षांचा अनुभव आहे, म्हणून ज्याला सोसतं त्याला मी अजूनही तेच देते. तुम्हाला सोसत नाही, तेव्हा बाकुचिऑल जरूर वापरून बघा.

पण लगेच नको. आधी रेटिनॉल पूर्ण बंद, दोन-तीन आठवडे साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. चुरचुर थांबली की बाकुचिऑल कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघा, कारण त्याचीही ॲलर्जी काहींना येते. मग चेहऱ्याला एक दिवसाआड. गाजराचा रस किंवा लिंबू चोळू नका. गाजरातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व होतं ते खाल्ल्यावर पोटात, आणि लिंबाच्या सालीत बावचीसारखीच उन्हात भाजणारी द्रव्यं असतात.

वांगासाठी सर्वांत मोठं औषध सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधलं बोट भरेल इतकं, आणि शक्यतो लोह ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं. वांग नुसत्या उजेडानेही गडद होतं आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दहा बायकांतल्या आठजणी बोटाच्या पेरावर मावेल एवढंच लावतात.

जाऊबाईंना रेटिनॉल नकोच. त्याच कुळातली पोटात घ्यायची औषधं बाळात व्यंग निर्माण करतात, म्हणून वरून लावायचंही आपण गरोदरपणात टाळतो. बाकुचिऑलच्या काही जाहिरातींत ‘गरोदरपणात सुरक्षित’ असं छापतात, पण गरोदर बायकांवर तपासून कुणी ते सिद्ध केलेलं नाही. त्यांना सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर पुरे. गरोदरपणातलं वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर आपोआप फिकं होतं. त्यांना फारच त्रास वाटत असेल तर गव्हा-सातूतही सापडणारं अझेलाइक ॲसिड त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून लावता येईल.

सासूबाईंना वरची स्कूटरची हकीगत वाचून दाखवा, त्यांनी मायेनंच सुचवलंय. आणि बाकुचिऑल सुरू कराल त्या सकाळी खिडकीपाशी चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवा. बारा आठवड्यांनी त्याच खिडकीत, त्याच वेळेला दुसरा काढा आणि दोन्ही मला पाठवा.