वखराला जुंपलेला पोरगा

प्रश्न : सर, मी दर्यापूर तालुक्यातला साधा कास्तकार. साडेसहा एकर, खारपाणपट्ट्यातली जमीन, कापूस आन् तूर. पोरगा अकोल्याले बॉक्सिंग शिकते, 60 किलोत खेळते. दोन वर्षांमागं एका आयोजकानं पाच वर्षांचा करार करून घेतला. तो म्हणीन तिथं लढायचं. फोटो, व्हिडिओ, नाव सगळं त्याचं. पोरगा तवा सतरा वर्षांचा, म्हणून सही म्या केली. औंदा चैतात त्याचे चॅनलवाले घरी आले. म्हणे, गरिबी दिसली पाहिजे. बैलजोडी गोठ्यात बांधून ठेवली आन् वखराले पोरगा जुंपला. भर उन्हात चार खेपा मारायले लावल्या. खांद्याचं सालटं निघालं. रात्री त्याच्या मायनं हळद-लोणी लावून खांदा शेकला, जसा पोयाच्या आदल्या दिवशी बैलाचा शेकतो. आता गावातले लोक मले इचारतात, 'भाऊ, बैल इकले का?' पोरगा म्हणते, मी मेवेदरवाणी बाहेर निघतो. हा मेवेदर कोण? त्यानं केलं ते आमच्यानं होईन का? माहं चुकलं का?
— एक बाप, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. पोराला ग्लोव्हज मिळतील, खुराक मिळेल म्हणून तुम्ही सही केली. त्यात बापाचं चुकलं असं मला वाटत नाही. कागद वाचून घ्यायला हवा होता, एवढंच.

तुमचं पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही. मी विशीत असताना एका गावच्या कुस्त्यांच्या दंगलीच्या पत्रकावर माझ्या नावापुढं 'अनाथ पैलवान' छापलं होतं. गर्दी जमावी म्हणून. माझे वडील एसटीनं कुस्ती बघायला आले आणि मैदानाच्या दारातच त्यांच्या हातात ते पत्रक पडलं. ते आत आलेच नाहीत. मी जिंकून बाहेर आलो तर निंबाखाली बसलेले, पत्रकाची चौघडी करून बंडीच्या खिशात घातलेली. 'जेवला का?' एवढंच विचारलं. त्यानंतर मी पुष्कळ पोरं शिकवली, पण प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत आलो की तुझ्या घराची गोष्ट तू कोणाला देऊ नको.

आता मेवेदर. फ्लॉइड मेवेदर हा अमेरिकेचा बॉक्सर, 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकचा कांस्यपदक विजेता. व्यावसायिक झाल्यावर लढती भरवणारे प्रवर्तक बॉब अरम यांच्या टॉप रँक कंपनीकडं तो दहा वर्षं होता आणि लढती दिसायच्या एचबीओ वाहिनीवर. कोणाशी लढायचं, किती पैशांत, यावरून खटके उडू लागले. 2006 साली त्यानं करारात ठरलेले साडेसात लाख डॉलर मोजले आणि सुटला. तुमच्या पोराला हे नीट समजावून सांगा. मेवेदर रागानं दार आपटून निघाला नव्हता, करारातच असलेल्या वाटेनं, पैसे भरून निघाला. पुढं 2007 साली तो ऑस्कर डी ला होयाशी लढला. त्या लढतीआधी एचबीओचे कॅमेरे दोघांच्या घरात, सरावात फिरले. मेवेदरनं 'प्रीटी बॉय' हे जुनं टोपणनाव मागं टाकलं, 'मनी' हे नाव लावलं आणि लोकांनी शिव्या द्याव्यात असा माणूस स्वतःच उभा केला. शिव्या देणारेही पैसे भरून बघायचे. 2013 मध्ये तो एचबीओ सोडून शोटाइम या दुसऱ्या वाहिनीकडं गेला. त्याचं ते नोटा उधळणं मला कधीच आवडलं नाही आणि तुमच्या पोरानं ते उचलू नये. पण ते सोंग त्याचं त्यानं निवडलेलं होतं, आणि त्याची कमाईही त्याच्याच घरी गेली.

मला विचाराल तर पोरानं डी ला होयाकडं बघावं. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन कुटुंबातला मुलगा. 1990 साली आई कर्करोगानं गेली, दोन वर्षांनी बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्यानं सुवर्ण जिंकलं आणि अमेरिका व मेक्सिको असे दोन्ही झेंडे हाती धरले. आईसाठी पदक आणणारा देखणा 'गोल्डन बॉय', ही गोष्ट घराघरांत पोचली आणि तिच्यावर मोठा धंदा उभा राहिला. आईचं दुःख त्याचं होतं हो, आणि ते विकलं जात होतं! त्याचेही प्रवर्तक अरमच. तो कोर्टात गेला, 2001 मध्ये करारातून मोकळा झाला आणि पुढं स्वतःची कंपनी काढली. तिला नाव दिलं 'गोल्डन बॉय'. इतरांनी ज्या नावावर कमावलं, ते नाव त्यानं स्वतःकडं आणलं. नंतर अरमसोबत त्यानं पुन्हा कामही केलं, म्हणजे वैर धरायलाच पाहिजे असंही नाही.

आता तुमचं. सही झाली तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा होता, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालचा मुलगा करार करू शकत नाही. पालक म्हणून केलेल्या तुमच्या सहीचं वजन किती, ते वकील कागद बघून सांगेल. फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करा. करार संपल्यावरही दुसरीकडं लढायचं नाही, असं काही त्यात असेल तर त्याच कायद्याचं कलम 27 दाखवा, त्याप्रमाणे अशी अट चालत नाही. आणि एक नीट ध्यानात ठेवा. पोरगा आता एकोणीसचा आहे. ते गोड बोलून त्याच्याकडून नव्या कागदावर सही मागतील. ती द्यायची नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच.

आयोजकानं दिलेलं सगळं वहीत लिहून काढा. बूट, ग्लोव्हज, खोलीभाडं, रोख. देणं असेल तर हप्त्यानं देऊ म्हणा. त्या व्हिडिओला तुमची हरकत आहे, हे लेखी कळवा आणि पोच घ्या. तोवर पोराचा अकोल्याचा सराव एक दिवसही चुकू देऊ नका. नागपूरची बॉक्सर अल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडला युवा जागतिक विजेती झाली. तिला आज विदर्भ ओळखतो तो रिंगमधल्या खेळासाठी. खांदा अजून दुखत असेल तर मात्र त्याला पंचिंग बॅगवर जोर काढू देऊ नका.

आणि पोळा आता महिन्यावर आलाय. औंदा तोरणाखाली जोडी तुम्ही नेऊ नका, पोराला न्यायला सांगा. बैल विकले का म्हणणाऱ्यांना तिथंच दिसतील.