जीआर निघाला, पैसा कुठे अडला?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : शाळांचं अनुदान आणि शिक्षक संघटनांचा लढा.

प्रश्न : आमची माध्यमिक शाळा ४० टक्के अनुदानावर आहे. टप्पावाढीचा जीआर निघाला की संघटनेच्या ग्रुपवर पेढे वाटल्याचे फोटो येतात. मग महिनोन्‌महिने पगार तेवढाच. पैसा नक्की कुठे अडतो आणि आम्ही कुणाला विचारायचं?
*— सहशिक्षिका, बीड जिल्हा*

मॅडम, शासन निर्णय म्हणजे सरकारने दिलेला शब्द. पैसा ही त्यापुढची गोष्ट, आणि तो आणायचा रस्ता लांब आहे.

आधी हिशेब पाहू. समजा तुमचं पूर्ण वेतन ६० हजार आहे. ४० टक्क्यांवर शासन २४ हजार देतं. उरलेले ३६ हजार कागदोपत्री संस्थेने द्यायचे असतात, ते बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. टप्पावाढ होऊन ६० टक्के झाले की शासनाचा वाटा ३६ हजार होतो. म्हणजे एका टप्प्याने हातात येणारी रक्कम दीडपट होते. राज्यभरातल्या अशा हजारो पदांचा हा वाढीव खर्च अर्थसंकल्पात कुठेतरी मांडलेला असावा लागतो. तो मांडलेला नसेल तर जीआर फाइलीतच राहतो.

रस्ता असा आहे. शासन निर्णयानंतर पात्र शाळा आणि पदांची यादी ठरते. खर्चाची तरतूद मूळ अर्थसंकल्पात नसेल तर ती पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मांडल्या जाणाऱ्या जादा खर्चाच्या यादीत, यावी लागते. त्या मागण्या अधिवेशनात मंजूर होऊन तिजोरीतून पैसा काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक पारित व्हावं लागतं. मग वित्त विभागाच्या संमतीने ‘बीम्स’ या शासनाच्या ऑनलाइन निधी-वितरण प्रणालीवर रक्कम वितरित होते आणि शिक्षण संचालनालयाकडून वेतन पथकाच्या, म्हणजे शाळांची पगारबिलं तपासणाऱ्या कार्यालयाच्या, अधीक्षकांपर्यंत पोचते. त्यानंतर शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीमध्ये तुमचा टप्पा बदलतो, मुख्याध्यापक देयक पाठवतात, पथक ते तपासून कोषागारात देतं. यातली एक कडी निसटली की पुढचं सगळं थांबतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नेमकं हेच झालं. २०, ४० आणि ६० टक्क्यांवरच्या शाळांना १ जून २०२४ पासून पुढचा टप्पा देण्याचा निर्णय झाला. लगेच विधानसभेची आचारसंहिता लागली. पुढे डिसेंबरचं नागपूर अधिवेशन झालं, मार्चचा अर्थसंकल्प झाला, तरी वाढीव टप्प्याचा पैसा आला नाही. शेवटी जुलै २०२५ मध्ये, पावसाळी अधिवेशन चालू असताना, हजारो शिक्षक भर पावसात आझाद मैदानावर बसले. त्यांची मागणी नव्या निर्णयाची नव्हतीच, जुन्या निर्णयासाठी पैसे द्या एवढीच होती. ज्यांना १५-२० वर्षं अर्ध्यामुर्ध्या पगारावर वर्ग सांभाळावे लागले, त्यांना मंजूर झालेली रक्कम मागायला चिखलात बसावं लागणं ही राज्याला शोभणारी गोष्ट नाही.

म्हणून संघटनेने जीआरच्या दिवशी एकच प्रश्न विचारावा : तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याखाली) आणि किती? शालेय शिक्षणाचा महसुली खर्च ‘२२०२ सामान्य शिक्षण’ या मुख्य लेखाशीर्षात येतो. त्यात ०१ म्हणजे प्राथमिक, ०२ म्हणजे माध्यमिक. पुरवणी मागण्यांचं पुस्तक अधिवेशनाच्या सुरुवातीलाच सभागृहात मांडलं जातं. ते आलं की त्याच संध्याकाळी दोघा-तिघांनी बसून ही पानं चाळावीत. रक्कम नसेल तर आमदारांना भेटायची वेळ तीच. अधिवेशन संपल्यावर दिलेलं निवेदन पुढच्या अधिवेशनापर्यंत पडून राहतं.

रक्कम वितरित झाली आणि तरी तुमच्याच शाळेचा पगार वाढला नाही, तर अडचण जिल्ह्यात किंवा शाळेत आहे. वैयक्तिक मान्यतेचा (तुमच्या नेमणुकीला शिक्षण खात्याने दिलेल्या मंजुरीचा) आदेश, शालार्थ आयडीचा आदेश, बिंदुनामावलीची (आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीची) तपासणी आणि चालू वर्षाची संचमान्यता (पटावरून ठरणारी मंजूर पदं) हे चार कागद पाहा. संचमान्यतेत पद मंजूर नसेल तर मान्यता असूनही देयक परत येतं. नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण २०२५ मध्ये उघड झाल्यापासून मूळ कागदांची तपासणी कडक झाली आहे. नियुक्ती आदेश आणि रुजू अहवाल यांच्या तारखा एकमेकींशी जुळतात ना, हे स्वतः तपासून ठेवा.

विचारायचं माहितीच्या अधिकारात, वेतन पथक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘माझा पगार का वाढला नाही’ असं लिहिलंत तर ‘ही माहिती नव्हे’ म्हणून अर्ज निकाली निघेल. असं लिहा : ‘टप्पा अनुदानासाठी चालू आर्थिक वर्षात आपल्या कार्यालयास प्राप्त झालेल्या तरतुदीच्या आदेशांच्या प्रती, आणि आमच्या शाळेच्या परत केलेल्या देयकांवरील शेऱ्यांच्या प्रती.’ ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. परतीच्या देयकावरचा शेरा हातात आला की निम्मं भांडण मिटतं, कारण तोवर संस्था, पथक आणि शिक्षणाधिकारी कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवत असतात.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या शाळेत ६४ मुलं आहेत. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. शाळेला वर्षाचं अनुदान किती येतं? मागच्या वर्षी ते परत गेलं म्हणतात. आणि गुरुजी म्हणतात तिसरा शिक्षकही जाईल. समिती यात काय करू शकते?
*— पालक, नंदुरबार जिल्हा*

अध्यक्ष महाराज, तुमच्या हातात वाटतं त्याहून बरंच आहे.

समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १,००० ला ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. या कमाल रकमा आहेत. तुमच्या शाळेला २५ हजार, म्हणजे महिन्याला २,०८३ रुपये. यातच खडू, रजिस्टर, वीजबिल, नळाची तोटी, फुटलेली कौलं. किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे वर्षाला २,५०० आणि महिन्याला २०८ रुपये. ६४ मुलांची संडास-मुतारी २०८ रुपयांत महिनाभर साफ ठेवून दाखवावी, असं आव्हान कुणीही द्यावं! शिक्षक खिशातून फिनेल आणतात, ते याचमुळे.

अनुदान परत का जातं? आता पैसे शाळेच्या खात्यात येऊन पडत नाहीत, खर्चाची मर्यादा मिळते आणि दुकानदाराला थेट त्याच्या खात्यात पैसे जातात. ही मर्यादा कित्येकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि ३१ मार्चला संपते. तेव्हा ठराव, दरपत्रकं आणि जीएसटीचं बिल गोळा करायला वेळ उरत नाही. उपाय असा की ठराव आधीच करून ठेवायचा. दिवाळीनंतरच्या बैठकीत कामांची क्रमवारी आणि अंदाजे रक्कम इतिवृत्तात लिहा, दरपत्रकं मागवून ठेवा, दुकानदाराचा बँक तपशील घेऊन ठेवा. मर्यादा आली की दोन दिवसांत काम होतं.

याहून महत्त्वाचा कागद म्हणजे शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो समितीने करायचा आहे, आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी. त्याच्या जोडीला यू-डायसची (दर वर्षी ऑनलाइन भरायची शाळेची माहिती) नोंद असते, तिच्यावरून जिल्ह्याची वार्षिक योजना बनते. इथे एक चूक सर्रास होते. शाळेचं नाव खराब होऊ नये म्हणून मोडकं स्वच्छतागृह ‘वापरात’ म्हणून भरलं जातं. त्या एका खुणेने दुरुस्तीचा पैसा बंद होतो, कारण वरच्या कार्यालयाच्या लेखी तुमच्याकडे काही मोडलेलंच नाही. माहिती भरताना समितीचे दोन सदस्य मुख्याध्यापकांशेजारी बसू द्या.

आता तिसरा शिक्षक. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. तुमची ६४ मुलं आहेत, म्हणजे चार मुलं कमी भरली की पद गेलं. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि आधार वैध असलेलीच मुलं मोजतात. मुलगा रोज वर्गात पहिल्या बाकावर बसतो, पण आधारवर ‘गनेश’ आणि शाळेच्या नोंदीत ‘गणेश’ असेल, जन्मतारीख जुळत नसेल किंवा लिंगाची नोंद चुकली असेल, तर तो हिशेबात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हे जास्त घडतं. जुलैमध्येच मुख्याध्यापकांकडून अवैध आधारची यादी मागा आणि गावात एक दिवसाचं आधार शिबिर लावून घ्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रावर रांग असते, सर्व्हर चालत नाही आणि पद हातचं जातं.

प्रश्न : शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली की आमच्या मुलांची शाळा बुडते. हे सगळं त्यांच्या पगारासाठीच असतं ना?
*— पालक, सातारा जिल्हा*

सगळं नसतं, आणि काही नक्कीच असतं. मार्च २०२३ मधला १४ ते २० तारखेचा संप जुन्या पेन्शनसाठी होता, म्हणजे सेवाशर्तींचाच. पण २५ सप्टेंबर २०२४ ची सामूहिक रजा ही कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक जागा कंत्राटी शिक्षकाने भरण्याच्या निर्णयाविरुद्ध होती. डोंगरातल्या वस्तीवर दर वर्षी बदलणारा शिक्षक असेल तर तोटा पहिलीतल्या मुलाचा होतो, त्याला वाचायला लावणारा माणूस जूनमध्ये पुन्हा नवा असतो.

शाळा बुडते हे तुमचं म्हणणं खरं आहे, संघटनांनी ते मनावर घ्यावं. कायद्याच्या बाजूनेही संप हे भक्कम हत्यार नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या प्रकरणात २००३ साली सांगितलं आहे, आणि ‘काम नाही, वेतन नाही’ ठरलेलं असतं. ज्या तालुक्यात संघटनेच्या निवेदनात पगारासोबत शाळा अनुदान, रिक्त पदं आणि अशैक्षणिक कामं यांचे आकडे शाळानिहाय असतात, तिथे ग्रामसभा शिक्षकांमागे उभी राहते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकांना देता येतात. तुमच्या गुरुजींना गेल्या महिन्यात याखेरीज किती दिवस वर्गाबाहेर जावं लागलं, हे विचारा. तेही बुडालेलेच दिवस आहेत.

प्रश्न : थकीत पगार मागितला म्हणून संस्थेने तोंडीच ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितलं. कामगार न्यायालयात जाऊ का?
*— शिक्षक, जालना जिल्हा*

नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे. मान्यताप्राप्त खाजगी शाळेसाठी तुमचा रस्ता १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम, कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. मुदत फक्त ३० दिवसांची आहे. तोंडी काढलं असेल तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने लिहा की ‘मी हजर झालो, मला सही करू दिली नाही’, आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. ३० दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, ते यावरून ठरतं. कोऱ्या कागदावर सही कुणी मागितली तर देऊ नका, तिचा पुढे राजीनामा होतो. थकीत पगार या अपिलात येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयाची वाट वेगळी आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका आहे. शिक्षक आमदार निवडायला मला मत का नाही?
*— रत्नागिरी जिल्हा*

घटनेच्या कलम १७१ मध्ये हा हक्क माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाच्या नसलेल्या संस्थांतल्या शिक्षकांनाच दिला आहे. विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा अशा आहेत, आणि राज्यातला शिक्षकांचा सर्वांत मोठा गट तिथे मतदारच नाही. हे बदलायला संसदेला कायदा करावा लागेल, ती मागणी रास्त आहे. तुमच्या माध्यमिकच्या सहकाऱ्यांना मात्र एक सांगा. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुनं नाव आपोआप येत नाही. मागच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला जोडून नमुना १९ हा मतदार नोंदणीचा अर्ज भरायचा, अर्हता दिनांक १ नोव्हेंबर.