ताटात गहू नको, तव्यावरही नको

या वेळी सदरात सीलिएक असलेल्या शाकाहारी वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची हॉटेलातल्या जेवणाबद्दलची पत्रं घेतली आहेत. गहू, जव आणि राय (हे धान्य आहे, राई म्हणजे मोहरी नव्हे) या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे सीलिएक या आजारात लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. मैदा, रवा, शेवया, दलिया ही सगळी गव्हाचीच रूपं आहेत, हे गृहीत धरून पुढची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : हॉटेलात "ग्लूटेन फ्री आहे का" विचारलं की वेटर बिनधास्त "हो" म्हणतो आणि रात्री पोट बिघडतं. नेमकं काय विचारायचं? (पुणे)

"ग्लूटेन" हा शब्द आधी सोडा. आपल्याकडच्या वेटरला "जैन" कळतं, "उपासाचं" कळतं. जैन ऑर्डर म्हणजे कांदा-लसूण घालायचा नाही. त्याच कढईत आधी काय शिजलं याची बहुतेक ठिकाणी कोणी फिकीर करत नाही. तुमची मागणीही तो त्याच साच्यात बसवतो : रोटी नको, विषय संपला. तुम्हाला मात्र त्रास देतात त्या न दिसणाऱ्या जागा. म्हणून विचारायच्या गोष्टी तीन. पदार्थ ज्या तव्यावर होणार त्यावर पोळी, पाव किंवा रवा डोसा भाजतात का? ज्या तेलात तळणार त्यात समोसा, पुरी, ब्रेड पकोडा पडतो का? रस्सा दाट करायला किंवा वरून घोळवायला मैदा वापरतात का? यातल्या एकाचं जरी उत्तर "बघून सांगतो" असं आलं, तर त्याला खरोखर आत जाऊन बघून यायला लावा.

सीलिएक ही वैद्यकीय अर्थानं ॲलर्जी नाही, पण स्वयंपाकघरात "ॲलर्जी" म्हटल्यावर जेवढी हालचाल होते तेवढी "पथ्य" म्हटल्यावर होत नाही. शब्दाचा कीस न पाडता तोच वापरा. एक कार्ड करून ठेवा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मजकूर एवढाच : "मला गहू, मैदा, रवा, ब्रेड आणि सोया सॉसची ॲलर्जी आहे. थोडंसं पीठ लागलं तरी आजारी पडते. कृपया भांडं, झारा, तवा धुऊन घ्या आणि ताजं तेल वापरा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, बेसन, साबुदाणा, मका, सगळ्या डाळी, दूध, पनीर चालतं." शेवटची ओळ गाळू नका. काय चालतं ते कळलं की वस्ताद स्वतःच एखादा पदार्थ सुचवतो. कार्ड वेटरनं वाचून परत द्यायचं नाही, ते आत जायला हवं.

वेळही महत्त्वाची. दुपारी साडेबारापूर्वी किंवा संध्याकाळी सातच्या आत गेलात तर तवा धुऊन मिळतो. रविवारी रात्री नऊला मिळत नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नसतो. नवीन हॉटेल असेल तर दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा. तेव्हा वस्ताद मोकळा असतो.

मेन्यूवरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहाराची खात्री देतो. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मात्र ॲलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे आणि त्या घटकांत ग्लूटेनयुक्त धान्यं येतात. साखळी हॉटेलात ती मागून घ्या.

प्रश्न : कधीतरी थोडंसं चालतं का? किती म्हणजे थोडं? (नाशिक)

चालत नाही. दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन गेलं तर बहुतेक सीलिएक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही, असं मानतात. एका मध्यम पोळीला साधारण 25 ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात दोन ग्रॅमच्या वर ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचे दोनशे तुकडे केले, तर मर्यादा त्यातल्या जेमतेम एका तुकड्याएवढी. चिमूटभर कोरडी कणीकही तिच्यापलीकडे जाते. पोट दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही नसतं. पाकिटावर "ग्लूटेन फ्री" छापायला भारतात किलोमागे 20 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. हॉटेलच्या मेन्यूवर तेच शब्द दिसले तर त्यामागे अशी चाचणी झाली असेल असं धरून चालू नका.

प्रश्न : उडप्याकडे इडली-डोसा म्हणजे तांदूळ आणि उडीद. तरी डोसा खाल्ल्यावर त्रास होतो, इडलीनं होत नाही. असं का? (ठाणे)

कारण तवा. उडप्याच्या हॉटेलात एका लांब लोखंडी तव्यावर साधा डोसा, रवा डोसा, उत्तप्पा आणि पावभाजीचे पाव असं सगळं चालतं. दोन डोशांच्या मध्ये पाण्याचा शिपका मारून ज्या झाडूनं तवा पुसतात, तोच झाडू रवा डोशाच्या जाळीचे चिकटलेले कण साध्या डोशाच्या जागेवर आणून सोडतो. रव्याचा एक ग्रॅम भुगा म्हणजे सुमारे 100 मिलिग्रॅम ग्लूटेन. शिवाय डोसा कुरकुरीत व्हावा, तांबूस रंग यावा म्हणून काही ठिकाणी पिठात मूठभर रवा किंवा मैदा टाकतात. हे मेन्यूवर कधीच नसतं, विचारावंच लागतं.

इडली वाफेवर होते, साच्यात होते, तव्याशी तिचा संबंध येत नाही. नावांचा गोंधळ तेवढा सांभाळा : "इडली रवा" हा तांदळाचा आणि तो चालतो, "रवा इडली" गव्हाच्या रव्याची, ती नाही. दोन्ही होत असतील तर साचे वेगळे आहेत का ते विचारा. मेदुवडा उडदाचा असला तरी त्याच कढईत पुरी किंवा मैद्याचा मैसूर बोंडा तळला जातो, म्हणून तो सोडा. खोबऱ्याची चटणी बहुधा चालते. सांबाराचं दुखणं हिंगात आहे, ते पुढच्या उत्तरात येतं. डोसा खायचाच असेल तर सकाळी हॉटेल उघडल्या-उघडल्या जा, तवा नवा तापलेला असतो. पहिल्या घाण्यातला साधा डोसा मागा, आणि झाडू न मारता स्वच्छ कापडानं तवा पुसायला सांगा.

प्रश्न : हिंगात गहू असतो हे खरं का? मग बाहेरची आमटी, सांबार, कढी सगळंच बंद करायचं का? (सांगली)

खरं आहे. डबीतला हिंग म्हणजे हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ यांचं मिश्रण. पीठ कंपनीनुसार गव्हाचं, मैद्याचं किंवा तांदळाचं असतं आणि डबीवर ते लिहिलेलं असतं. खडा हिंग म्हणून विकतात तोही नेहमी निखळ नसतो.

आता हिशेब. पाच वाट्या सांबाराला अर्धा ग्रॅम हिंग पडला आणि त्यात निम्मं गव्हाचं पीठ धरलं, तर पाव ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण 25 मिलिग्रॅम ग्लूटेन. वाटीला 5 मिलिग्रॅम. तव्यावरच्या भुग्यापुढे हे कमी आहे, पण दिवसाच्या मर्यादेच्या निम्मं आहे. आणि उडप्याकडे सांबार एकाच वाटीवर थांबतं कुठे? वर हॉटेलच्या फोडणीत हिंग मोजून कोण घालतो! तेव्हा हिंगाची डबी दाखवायला सांगा. हे ऐकायला अवघड वाटतं, पण गल्ल्यावरच्या माणसाला शांतपणे विचारलं तर डबी येते. तांदळाचं पीठ असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बिनहिंगाची डाळ वेगळी फोडणी घालून मागा. पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या मते यावरची सगळ्यात सोपी वाट उपासाच्या पदार्थांतून जाते. आपल्याकडे उपासाला गहू चालत नाही आणि फोडणी तूप-जिऱ्याची असते, हिंग नसतोच. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, दही-बटाटा हे पुण्या-मुंबईच्या मराठी उपाहारगृहांत एकादशी नसतानाही मिळतं. त्याहून मोठी सोय अशी की "उपासाचं तेल वेगळं आहे का?" हा प्रश्न तिथे कुणालाच विचित्र वाटत नाही. वेगळं असेल तर साबुदाणा वडाही खा. राजगिऱ्याच्या पुरीचं पीठ मात्र बंद पाकिटातलं की गिरणीतलं ते विचारा. गव्हामागून दळलेलं चालणार नाही. आणि रोज साबुदाण्यावर राहू नका, त्यात पिष्टाखेरीज फारसं काही नसतं. सोबत दाण्याची आमटी आणि दही हवंच.

प्रश्न : ढाब्यावर किंवा खानावळीत पिठलं-भाकरी तर नक्की चालेल ना? (सोलापूर)

पिठलं चालेल, हिंगाचं बघून. भाकरीत तीन ठिकाणी घोळ होतो. पहिलं, पिठात कणीक मिसळलेली असणं. ज्वारीत ग्लूटेन नसल्यानं पीठ उकळत्या पाण्यात मळावं लागतं, भाकरी थापावी लागते, आणि हे सगळ्यांना जमत नाही. म्हणून थोडी कणीक घालून लाटतात. अशी भाकरी ओळखू येते : कडा एकसारख्या गोल, गार झाल्यावरही लवचीक, घडी घातली तरी चीर पडत नाही. दुसरं, थापताना परातीत घ्यायचं पीठ कणकेचं असणं. तिसरं, पोळीचाच तवा. ज्या खानावळीत भाकरी करणाऱ्या मावशी वेगळ्या चुलीवर बसतात, तिथे हे तिन्ही प्रश्न बहुधा सुटलेले असतात. मावशींनाच विचारा, "मावशी, पिठात गहू टाकता का?" उत्तर सरळ मिळतं. तुमच्या सोलापूरची पाकिटातली कडक भाकरी प्रवासात जवळ ठेवायला उत्तम, फक्त घटकांची यादी वाचून घ्या.

थालीपीठ नको. भाजणीत गहू असतोच, न घालणारी घरं थोडी. मालवणी वड्याच्या पिठातही बहुतेक वेळा असतो. कोथिंबीर वडी बेसनाची, पण बांधणीला कणीक घालणारेही आहेत. मिसळीत उसळ आणि तर्री ठीक, फरसाणात मैद्याचे तुकडे असतात. त्याऐवजी नुसती बेसनाची शेव मागा. कोकणात आणि गोव्यात घावन, आंबोळी, सोलकढी, भात यांवर निभावतं.

प्रश्न : घरच्यांना पंजाबी हॉटेलच आवडतं. मी काय मागवू? (नागपूर)

जिरा राइस, साधी डाळ, पालक पनीर, दही, भाजलेला पापड. पनीर टिक्क्याच्या मसाल्यात बेसन असेल तर हरकत नाही, पण सळई रोट्यांच्याच तंदूरमध्ये जाते, म्हणून धुतलेल्या तव्यावर किंवा पॅनवर मागा. मलई कोफ्ता आणि हराभरा कबाब यांना बांधायला मैदा किंवा ब्रेडचा चुरा लागतो. सोया चाप तर निव्वळ फसवा : नाव सोयाचं, बांधणी मैद्याची. शाकाहारी माणूस प्रथिनांच्या ओढीनं नेमका त्यावर हात टाकतो. दम बिर्याणीच्या हंडीचं झाकण कणकेनं लिंपलेलं असतं आणि उघडताना तुकडे आत पडतात. वरचा कुरकुरीत कांदा विकतचा असेल तर त्याला पीठ लावलेलं असू शकतं. टोमॅटो सूप काही ठिकाणी मैद्यानं दाट करतात. चिनी विभागाकडे वळूच नका, सोया सॉस साधारणपणे गव्हापासूनच बनतो.

प्रश्न : पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे. मुलगी नऊ वर्षांची, सीलिएक. पंगतीत ती काय खाईल? (कोल्हापूर)

केटररशी आठवडाभर आधी बोला, लग्नाच्या दिवशी नाही. साधं वरण, भात, तूप, लिंबू, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि बटाट्याची भाजी एवढं हिंग न घालता आधी काढून डब्यात भरून द्यायला सांगा. पोरीचं पान पहिल्या पंगतीआधी वाढा. वाढप्यांचे डाव एका पातेल्यातून दुसऱ्यात फिरू लागले की मग काही खरं नाही. अळूची भाजी बेसन लावलेली असते, ती चालते. तळणात कुरडई असेल तर पापडही देऊ नका : कुरडई गव्हाच्या चिकाची आणि तेल तेच. जिलबी, गुलाबजाम मैद्याचे. श्रीखंड किंवा बासुंदी द्या. बुफे असेल तर सगळ्यांआधी, झाकणं उघडतानाच वाढून घ्या.

प्रश्न : मुलगा शिकायला मिलानला निघालाय. शाकाहारी आहे आणि ग्लूटेन चालत नाही. पास्त्याच्या देशात उपाशी राहील का? (डोंबिवली)

उलट, आपल्यापेक्षा सुखात राहील. इटलीत सीलिएकबद्दल चांगली जाण आहे. तिथल्या सीलिएक संघटनेनं प्रशिक्षण दिलेल्या हॉटेलांची यादी तिच्या ॲपवर मिळते, आणि हॉटेलांनी ग्लूटेनसह चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यायलाच हवी, असा युरोपीय संघाचा कायदा आहे. "सेन्झा ग्लूतिने" एवढं म्हटलं की वेटरला कळतं. तिथे त्याची अडचण शाकाहाराची होईल. रिसोतो तांदळाचा, पण पाणी बहुधा मांसाच्या रश्शाचं. "ब्रोदो वेजेताले" म्हणजे भाज्यांचा रस्सा आहे का, ते विचारावं. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, म्हणून काटेकोर शाकाहारी असेल तर "सेन्झा पार्मिजानो" सांगावं. मक्याची पोलेंता चालते. लिगुरियातली फारिनाता ही चण्याच्या पिठाची, आपल्या धिरड्याची बहीण. मात्र ती पिझ्झाच्या भट्टीत भाजत असतील तर नको.