काय हवं ते नेमकं मागा

प्रश्न : दोन वर्षांत माझी नजर बरीच गेली आहे. मी कार्यालयात हिशेबाचं काम करते. साहेब म्हणतात, ‘आता झेपणार नाही, घरी आराम करा.’ राजीनामा देऊ का?

मुळीच देऊ नका. साहेब काळजीपोटी बोलत असतील, पण कामाच्या सोयी करून पाहिल्याशिवाय तुम्हाला काय झेपतं हे कुणीच ठरवू शकत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहे. वाजवी सोयी नाकारणं हा त्यात भेदभावच मानला आहे आणि जगातल्या बहुतेक देशांनी तो स्वीकारलेला आहे.

मात्र ‘मला सांभाळून घ्या’ असं मोघम बोलू नका. काम नेमकं कुठे अडतं ते आठवडाभर टिपून ठेवा. स्कॅन करून पाठवलेलं बिल स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लेखी नुसतं चित्र असतं, त्यातला आकडा तो थेट वाचू शकत नाही. सॉफ्टवेअरमधल्या बटणांना नावं दिलेली नसली, तर तो ‘बटण, बटण’ एवढंच बोलत राहतो. अशा नोंदींवरून लेखी अर्ज करा : बिलं मजकुराच्या स्वरूपात हवीत, हिशेबाचं सॉफ्टवेअर कीबोर्डवरून चालायला हवं, संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर बसवून हवं, शिकायला वेळ हवा. एनव्हीडीए मोफत मिळतं, त्यामुळे तिथे खर्चाची सबब चालणार नाही. अर्जाची पोच घ्या आणि उत्तरही लेखीच मागा. पुढे दाद मागायची वेळ आली, तर तोंडी नकार सिद्ध करणं फार जड जातं.

बैठकीला अंधांच्या संघटनेतलं कुणी अनुभवी सोबत न्या, पण बोला तुम्हीच. सोबतीचा माणूस बोलू लागला की समोरचे त्यालाच प्रश्न विचारू लागतात आणि तुमच्या नोकरीचा निर्णय तुम्हाला वगळून होतो. याचा मला मनस्वी राग येतो.

प्रश्न : सासूबाईंची नजर अधू झाली आहे. खोलीत अनोळखी माणसं, भिंतीवर नक्षी दिसते म्हणतात. हा मनाचा आजार आहे का?

बहुधा नाही. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. या स्विस अभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांना होणारे असेच भास नोंदवून ठेवले होते. डोळ्यांकडून येणारी माहिती घटली की मेंदू स्वतःच चित्रं उभी करतो. ही चित्रं बोलत नाहीत आणि ती खरी नाहीत हे सहसा त्या व्यक्तीला कळत असतं. तरी डॉक्टरांना एकदा दाखवाच. आवाजही ऐकू येत असतील किंवा भास त्यांना खरे वाटत असतील, तर अजिबात थांबू नका, कारण वेगळं असू शकतं. वेडं ठरवतील या धास्तीने कितीतरी वयस्क माणसं हे मनातच ठेवतात. सासूबाईंनी तुम्हाला सांगितलं, हे फार चांगलं झालं.

प्रश्न : मुलाला थोडंफार दिसतं. तो पांढरी काठी घ्यायला तयार नाही.

काठी पूर्ण अंधांसाठीच असते, हा समज आधी दूर करा. अंधूक उजेडात, अनोळखी जिन्यावर अल्पदृष्टी असलेल्यांनाही तिचा आधार होतो. डावं पाऊल पुढे पडताना काठीचं टोक उजवीकडे टेकवायचं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासून होते. हे प्रशिक्षकाकडूनच शिकावं. सक्ती नको. काठी घेऊन एकट्याने हिंडणाऱ्या त्याच्याच वयाच्या कुणाशी त्याची गाठ घालून द्या.

प्रश्न : आमचं वाचनालय अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करू इच्छितं. प्रकाशकाची परवानगी लागेल का?

2013 च्या माराकेश करारात सामील देशांमध्ये अधिकृत संस्थांना अंधांसाठी अशा प्रती करायला मुभा आहे आणि त्या दुसऱ्या सदस्य देशातही पाठवता येतात. तुमचं वाचनालय त्या व्याख्येत बसतं का, ते आधी तपासा. पुस्तक कुणी आधीच ध्वनिमुद्रित केलेलं नाही ना, तेही पाहा. वाचताना पान क्रमांक आणि तळटीपा गाळू नका, विद्यार्थ्यांना संदर्भ देताना त्या लागतातच.