गुडघ्यातील कूर्चा किती झिजली आहे, हे रक्ततपासणीतून कळते का?

एका रुग्णाच्या एका गुडघ्यापुरते विचारत असाल, तर सध्या तरी नाही. कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाची, झीज होताना तिच्यातील प्रथिनांचे तुकडे आधी सांध्यातील द्रवात आणि तेथून रक्तात उतरतात, हे खरे. ‘कॉम्प’ हे त्यांपैकी पुष्कळ अभ्यासले गेलेले प्रथिन आहे. टाइप-२ कोलॅजन या कूर्चेतील मुख्य प्रथिनाचा ‘सीटीएक्स-२’ हा तुकडा मात्र मुख्यतः लघवीत मोजतात.

खरी अडचण अर्थ लावण्यात आहे. कॉम्प केवळ कूर्चेतून नव्हे, तर स्नायुबंध आणि सांध्याच्या अस्तरातूनही येते, अर्धा तास चालल्यावर त्याची पातळी वाढते आणि रात्रीच्या झोपेत उतरते; म्हणजे रक्त केव्हा घेतले यावरच आकडा बदलतो. शिवाय रक्तात गुडघा, खुबा, बोटे अशा सर्व सांध्यांची एकत्रित बेरीज दिसते.

म्हणूनच या चाचण्या आज प्रामुख्याने संशोधनात आणि औषधांच्या चाचण्यांत, रुग्णांच्या गटांची तुलना करण्यासाठी वापरल्या जातात. ‘सीआरपी’ किंवा ‘अँटी-सीसीपी’ यांची गल्लत त्यांच्याशी करू नये, कारण त्या अनुक्रमे दाह आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवातातील प्रतिपिंडे दाखवतात. झिजेचा अंदाज घेण्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि उभे राहून काढलेला एक्स-रे यांवरच भर द्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.