५४ टक्क्यांना नर्सिंग मिळतं का? दिंडोरीहून आलेल्या एका पोरीची गोष्ट

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात येतो, मॅडम मुलीला सायन्सला ५२ पडलेत, ५५ पडलेत, नर्सिंगला नंबर लागेल का. आणि त्याच्या पाठोपाठ, आवाज जरा बारीक करून, एकजण सीट करून देतो म्हणतोय. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा हो असतं आणि ते द्यायला पाच मिनिटं पुरतात, माझा सगळा वेळ जातो तो त्या सीट करून देणाऱ्यात.

ही गोष्ट दिंडोरी तालुक्यातल्या एका घरातली. नाव बदलून प्रियंका म्हणते. द्राक्षाची दीड एकर बाग, खरड छाटणी उरकलेली म्हणून वडिलांना नाशिकला यायला वेळ मिळाला होता, निमाणीला एसटीतून उतरून दोघं बापलेक चालत माझ्याकडे आले. मार्कशीट एका औषध कंपनीच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डर वडिलांच्या मांडीवर, पोरीच्या हातात नाही. हे मी नेहमी बघते, फोल्डर कुणाच्या हातात आहे, त्यावरून निर्णय कोण घेणार ते कळतं.

वडील बसल्या बसल्या म्हणाले, "५४ टक्के आहेत मॅडम, म्हणजे डॉक्टर-बिक्टर सोडाच, आता हिला बीएला टाकायचं का ते पैसे भरून बेंगलोरला पाठवायचं तेवढं सांगा." प्रियंका खाली बघत होती. तिने वर्षभर काय केलं, अभ्यास का झाला नाही हे काही मी विचारलं नाही, तो पाढा घरी आधीच वाचून झालेला असतो.

मी मार्कशीट घेतली आणि कोऱ्या कागदावर मार्क लिहून काढले. इंग्रजी ५२, मराठी ६८, फिजिक्स ४३, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ५६, भूगोल ६२. सहाशेपैकी ३२६. आता यातले मराठी आणि भूगोल मी पेनने खोडले. वडील दचकले, कारण पोरीचे सगळ्यात चांगले मार्क तेच होते! पण बी.एस्सी. नर्सिंगला टक्के असे सहा विषयांचे धरतच नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिघांचे मिळून ४५ टक्के लागतात म्हणजे ३०० पैकी १३५, राखीव प्रवर्गाला ४० टक्के म्हणजे १२०, आणि इंग्रजीत स्वतंत्र पास पाहिजे. प्रियंकाचे तिघांचे मिळून १४४. ओबीसी आहे, तिला १२० पुरले असते, पण ती ओपनच्या अटीतही बसत होती.

"म्हणजे बसते?" "बसते." "मग नंबर?" नंबर सीईटीवर, म्हणजे प्रवेश परीक्षेवर लागतो. बी.एस्सी. नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी असते. बारावीचे मार्क फक्त गेटवर दाखवायचे, आत शिरल्यावर रांग सीईटीच्या मार्कांची, त्यामुळे ५४ वाली आणि ७४ वाली गेटच्या आत एकाच लाइनीत उभ्या असतात. हे मी इतक्या वेळा सांगितलंय तरी दरवर्षी ७० टक्के पडलेल्या पोरींच्या आया सीईटीचा फॉर्मच भरत नाहीत, मार्क चांगले पडणारच की म्हणून, आणि मग जूनमध्ये रडत येतात. सीईटीचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपासच सुटतो, निकालाची वाट बघत बसलात तर गाडी गेलेली असते. कमी मार्कांनी वर्ष वाया गेलेल्या पोरी मी थोड्या बघितल्यात, फॉर्म राहिल्यामुळे वर्ष गेलेल्या भरपूर.

प्रियंकाने फॉर्म भरला होता. कसा, तर मैत्रीण सायबर कॅफेत भरत होती म्हणून हिनेही भरला, घरी सांगितलं नव्हतं, फी मावशीकडून घेतलेली. वडिलांनी तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघून एकदम हसले, त्या दिवशी पहिल्यांदाच. परीक्षाही देऊन झाली होती, निकाल यायचा होता. १०० मार्कांचा पेपर, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी २०, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे फिजिक्सला घाबरणाऱ्या पोरीला इंग्रजी आणि अ‍ॅप्टिट्यूडच्या चाळीसात हात-पाय मारायला जागा आहे. तिला म्हटलं, कसा गेला पेपर? "फिजिक्स अंदाजपंचे, बाकी बरा."

मग मी वडिलांना बाहेर चहाला पाठवलं. हे मी करतेच, पाच मिनिटं का होईना पोरीशी एकटीशी बोलायचं.

विचारलं, नर्सिंगच का? आता या प्रश्नाला पोरी पाठ केलेलं उत्तर देतात, मला रुग्णांची सेवा करायची आहे. ही म्हणाली, "मॅडम मला सेवा वगैरे असं म्हणता येत नाही, मला नोकरी पाहिजे. मावशी एएनएम नर्स आहे, तिला दर महिन्याला पगार येतो, आमच्याकडे पाऊस पडला की वर्षाचं गेलं." मला हे उत्तर फार आवडलं. पण नोकरी पाहिजे म्हटल्यावर काम काय असतं ते माहीत पाहिजे, म्हणून मी जरा घाणेरडे प्रश्न विचारते, नाईट ड्युटी, उलटी, बेडपॅन, कुणाचं काय साफ करावं लागेल. ती म्हणाली, आजी दीड वर्ष अंथरुणावर आहे. "दोन-दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर पाठीला जखमा होतात, मावशीने शिकवलंय. रात्रीचा अलार्म माझ्याच फोनवर असतो. माकडहाडाजवळ कातडी लाल दिसली की त्या अंगावर झोपवायचं नाही." मी लिहायची थांबले. तिच्या बोलण्यात कुठे आव नव्हता, धार काढावी लागते तसं सांगत होती. बारावीचा अभ्यास कधी झाला असेल याचं उत्तरही मला त्यातच मिळालं, आणि वडिलांना ते माहीत होतं, पण मार्कशीट बघताना कुणी त्याचा हिशोब धरला नव्हता.

आणखी एक विचारलं, मॅथ्स का नाही घेतलंस? "नको ते मॅडम, म्हणून तर भूगोल घेतला." हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

वडील चहा पिऊन आले आणि विषय बेंगलोरवर आला. एजंटचं म्हणणं असं, पन्नास हजार आज भरा, ओरिजिनल मार्कशीट आणि दाखला आमच्याकडे ठेवा, बाकी जूनमध्ये, हजेरीचं आम्ही बघून घेऊ. मी त्यांना म्हटलं, दादा, बाकी सगळं सोडा पण हजेरीचं बघून घेऊ या शब्दावर थांबा. नर्सिंगला हजेरी नाही म्हणजे वॉर्ड नाही, आणि वॉर्ड न बघितलेली नर्स तुमच्या आईच्या हाताला सलाईन लावायला आली तर लावू द्याल? ओरिजिनल कागद तर कुणाच्याच ताब्यात द्यायचे नाहीत, ते अडकले की पोरगी अडकली, दुसरीकडे अ‍ॅडमिशन मिळालं तरी घेता येत नाही. परराज्यातली सगळी कॉलेजं वाईट असं माझं म्हणणं नाही, तिथून शिकून आलेल्या उत्तम सिस्टर मला माहीत आहेत, पण कॉलेज आपण शोधलं पाहिजे, कॉलेजने एजंट पाठवला तर मला शंका येते.

पैशाचंही सांगितलं. २०२४ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर नाही. होस्टेल, मेस, युनिफॉर्म हे आपलं आपल्याला. वडिलांनी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं आणि मोबाईल खिशात ठेवला. एजंटचा विषय तिथे संपला, माझ्या उपदेशाने नाही, कॅल्क्युलेटरने.

मग खालच्या पायऱ्या. समजा सीईटीत काहीच झालं नाही तर? जीएनएम आहे, नर्सिंगचाच डिप्लोमा, तीन वर्षांचा, बारावी कुठल्याही शाखेची चालते, ४० टक्के आणि इंग्रजी पास. आर्ट्सच्या पोरींनो, वाचताय ना. जीएनएम करून नोकरी करता येते, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, आणि स्टाफ नर्सच्या सरकारी भरतीत जीएनएमवालीही बसते. एएनएम दोन वर्षांचा, तो फक्त मुलींना. एएनएम, जीएनएमच्या प्रवेशाची पद्धत अधूनमधून बदलते म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचायचं, शेजारणीच्या पोरीने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते विचारायचं नाही. मुलं पण विचारतात, मॅडम आम्हाला चालतं का, चालतं, जीएनएमला आणि बी.एस्सी.ला बिनधास्त चालतं, फक्त एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आहेत हे धरून चाला.

वडिलांना एक प्रश्न उरला होता, हे सगळं बघतं कोण, मुंबई का? मी विचारलं, येताना म्हसरूळला ते मोठं विद्यापीठ लागलं का? "ते लागतंच की रोज, ते डॉक्टरांचं आहे ना." दादा, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून आहे, तुमची पोरगी बी.एस्सी. नर्सिंग झाली तर पदवी तिथलीच, राज्यात जवळजवळ कुठल्याही कोपऱ्यातल्या कॉलेजात शिकली तरी. ते बराच वेळ गप्प होते. इतकी वर्षं द्राक्षाच्या क्रेट घेऊन त्याच्या गेटसमोरून जात होता माणूस.

कागदांचं मी जरा जास्तच ताणते, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीची फाईल मी स्वतः तपासली होती, जातीचा दाखला बघितला, नॉन क्रिमीलेयर आहे म्हणून टिक केलं, त्यावरची तारीख बघितली नाही. तो ३१ मार्चला संपलेला होता. पोरगी ओपनमध्ये गेली, जवळची सीट हुकली. तिच्या आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून मी तारीख बोट ठेवून वाचते. प्रियंकाचं नॉन क्रिमीलेयर नवीन काढायला त्याच आठवड्यात सेतूत पाठवलं, आणि जात वैधता प्रमाणपत्र नव्हतंच, त्याचा अर्ज लगेच टाकायला लावला. वैधता मागितली आणि मिळाली असं होत नाही, अकरावीतच टाकून ठेवा, माझं ऐका.

जूनमध्ये सीईटीचा निकाल आला, ५८ पर्सेंटाइल. वडिलांचा फोन, "५८ टक्केच पडले." टक्के नाहीत दादा, तिच्या मागे शंभरातले ५८ जण आहेत. नियमात ओपनला ५० आणि राखीवला ४० पर्सेंटाइल लागतं, म्हणजे इथेही ती आत होती, पण सरकारी कॉलेज यात बसणार नाही हे मी आधीच सांगून टाकलं, खोटी आशा नको.

पहिल्या राउंडला काहीच लागलं नाही. कारण मला न दाखवता प्राधान्यक्रम भरला होता आणि त्यात फक्त नाशिक शहरातली कॉलेजं टाकलेली, पोरगी रोज घरी आली पाहिजे म्हणून. त्या रात्री प्रियंकाचा मेसेज, मॅडम जाऊदे बीए करते. मी सरळ आईला फोन लावला. आई पहिल्यांदाच बोलत होती माझ्याशी, आणि अडचण होस्टेलची नव्हतीच, आजीचं कोण करणार ही होती. ते तोवर कुणीच तोंडातून काढलं नव्हतं. यावर माझ्याकडे काही तोडगा नव्हता. तो मावशीने काढला, आजीला दोन-दोन महिने वाटून घ्यायचं ठरलं, आणि रात्रीचा अलार्म आता धाकट्या भावाच्या फोनवर.

पुढच्या राउंडला धुळे, जळगाव, अहिल्यानगर, संभाजीनगर सगळं टाकलं. एक सांगितलं होतं, ज्या कॉलेजचं नाव टाकाल तिथे कुणीतरी जाऊन या, लॅब आणि सरावाचे पुतळे दाखवतील ते बघू नका, सकाळी दहा-अकराला त्यांच्या हॉस्पिटलात जा आणि बेडवर माणसं आहेत का ते मोजा. वडील खरंच गेले. एका ठिकाणी इमारत चकाचक, लिफ्ट, एसी आणि वॉर्डात चार पेशंट. ते नाव खोडलं. दुसरीकडे रंग उडालेला, पण व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही, ते वर घेतलं. तेच लागलं, तिसऱ्या राउंडला, घरापासून साडेतीन-चार तासांवर.

सोडायला सगळे गेले होते, टेम्पो करून.

परवा तिचा मेसेज आला, दुसऱ्या सेमिस्टरला आहे आता. आधी एक रडणारी इमोजी आणि खाली, "मॅडम मॅथ्स सोडून भूगोल घेतला होता ना, ते इथे परत आलंय. डोस काढायला लावतात. ऑर्डर २५० मिलिग्रॅमची, बाटलीवर लिहिलंय ५ एमएलमध्ये १२५, किती एमएल द्यायचं?" मी काही टाइप करायच्या आत खाली दुसरा मेसेज.

"१० एमएल. तीनदा करून बघितलं."