हेवा वाटतो, दुस्वास करतात

लातूरच्या एका प्राध्यापिका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या महाविद्यालयात टॉड सोलॉन्झ यांचा 1995 सालचा 'वेलकम टू द डॉलहाउस' हा चित्रपट मुलांना दाखवायचा आहे आणि त्याआधी मराठीत पानभर परिचय वाटायचा आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीच्या उपनगरात राहणारी, सातवीत शिकणारी डॉन ही तीन भावंडांतली मधली. थोरला मार्क अभ्यासू, धाकटी मिसी गुलाबी झग्यात बॅले नाचणारी, आईच्या गळ्यातला ताईत. शाळेत डॉनचा छळ होतो आणि घरी तिची दखल कुणी घेत नाही. ताईंनी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, 'लहान बहिणीविषयीचा मत्सर आणि त्यातून आलेला न्यूनगंड'. लिहिल्यावर त्यांनाच ते खटकलं. त्या विचारतात, भावंडांच्या या जळण्याला सवतीमत्सरासारखा एक नेमका शब्द मराठीत आहे का? आणि न्यूनगंड इथे बसतो का?

ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. तसा एक शब्द मराठीत नाही. पण नसण्याचं कारण शब्दांची गरिबी हे नव्हे. या एका दुखण्याचे आपल्या भाषेनं बरेच तुकडे पाडून ठेवले आहेत, आणि कुठला तुकडा कुणाच्या माथी मारायचा हे नामापेक्षा क्रियापद ठरवतं. म्हणून आधी क्रियापदाकडे बघू.

हेवा वाटतो. मत्सर वाटतोही आणि माणूस तो करतोही. दुस्वास मात्र फक्त करतात. 'मला तिचा दुस्वास वाटतो' असं वाक्य मी तरी अजून ऐकलेलं नाही. सासू सुनेचा दुस्वास करते, सावत्र आई लेकराचा दुस्वास करते. आपल्याकडे बीड-परभणीकडच्या बायका 'रागराग करणं' म्हणतात तेही याच जातीचं: राग येतो, पण रागराग करतात. 'वाटणं' आपोआप घडतं, त्यात माणसाचा दोष नसतो. 'करणं' म्हटलं की त्याचा धनी कोण हे सांगावं लागतं. चित्रपटभर डॉन कुठे 'वाटणं'च्या बाजूला आहे आणि कुठे 'करणं'च्या, हे बघत गेलात तर निम्मा परिचय तिथेच लिहून होईल.

हेवा हा शब्द मला या यादीत सगळ्यात माणुसकीचा वाटतो. 'हेवा वाटावा असा संसार' हे आपण कौतुकानं म्हणतो. 'मत्सर वाटावा असा संसार' म्हणून पाहा, कौतुक लगेच कडवट होतं. संस्कृतातला 'हेवाक' शब्द याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. त्याचा अर्थ उत्कट इच्छा, हौस. हेव्यात समोरच्याचं वाईट व्हावं हा भाग नसतो, ते मलाही मिळावं हा असतो. मिसीला मिळतं ते डॉनला हवं आहे: आईनं जवळ घेणं, कुणीतरी कौतुकानं बघणं. हे हेवाच आहे आणि परिचयात तो शब्द न लाजता वापरावा.

मत्सराचा इतिहास वेगळा आहे. ऋग्वेदात तो सोमरसाचं विशेषण म्हणून येतो, धुंद करणारा या अर्थानं. पुढे अर्थ पालटला आणि षड्‌रिपूंच्या यादीत तो शेवटी, मदाच्या शेजारी जाऊन बसला. यादीत बसलेला शब्द आपल्याबरोबर उपदेश घेऊन येतो. कीर्तनात ऐकलेला 'काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर' कानात असलेल्या वाचकाला तुम्ही 'डॉनला मत्सर वाटतो' असं सांगितलंत की त्यानं चित्रपट सुरू होण्याआधीच त्या मुलीला दोषी ठरवलेलं असतं. तुमचं खटकणं बहुधा इथलं आहे.

असूयेचा विचार तुम्ही केला होता असं पत्रात दिसतं. हा फार नेमका शब्द आहे, आणि नेमका आहे म्हणूनच इथे चालणार नाही. अमरकोश म्हणतो, 'अक्षान्तिरीर्ष्यासूया तु दोषारोपो गुणेष्वपि'. दुसऱ्याचं चांगलं सहन न होणं ही ईर्ष्या. गुणांवरसुद्धा दोष लादणं ही असूया. म्हणजे असूया करणाऱ्याला समोरच्याचा गुण दिसतो आणि तो त्याला मुद्दाम काळा रंग फासतो. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुनाला 'अनसूयवे' म्हटलं आहे: तू गुणात दोष शोधणारा नाहीस, म्हणून हे गुह्य तुला सांगतो. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाणारे आपण दत्तशिखर करून अनसूयामातेच्या शिखरावर जातो. त्या नावाचा अर्थही हाच, जिच्या ठायी असूया नाही ती. पाय दुखत असताना हे आठवत नाही कुणाला, पण नाव फार मोठं आहे. डॉन मिसीच्या गुणांत दोष काढत बसत नाही. धाकटीचं साजरं होणं तिला कबूल आहे, आणि त्याचंच तिला दुःख आहे.

मग सवतीमत्सर आहे तसा भावंडमत्सर का नाही? भाऊबंदकी आहे की, असं कुणी म्हणेल. पण भाऊबंदकी ही मोठ्यांची, बहुतेक पुरुषांची. तिला जमीन लागते, बांध लागतो, वाटणीपत्र लागतं, तालुक्याच्या कोर्टाच्या चकरा लागतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या उशीखाली जे आहे त्याला भाऊबंदकी म्हणता येत नाही.

माझं मत असं, की लहान भावंडांच्या बाबतीत आपल्या बोलीनं बोट मुलांकडे दाखवलेलंच नाही. ते ताटात वाढणाऱ्या मोठ्याकडे दाखवलं आहे. या घरातल्या प्रसंगांसाठी मराठीत भरभरून शब्द आहेत आणि त्या सगळ्यांचा कर्ता मोठा माणूस आहे. डावं-उजवं करणं. दुजाभाव करणं. झुकतं माप देणं. डावलणं. लेकरांत फरक करणं. पदरात घेणं आणि पदराआड करणं. जेवायला बसलेली मधली मुलगी आईला म्हणते, 'बारकीलाच साय वाढायलीस, मला कोन पुसतंय?' यात बारकीविरुद्ध एक अक्षर नाही. वाक्याचा रोख सगळा आईवर आहे. 'पुसणं' हे जुनं क्रियापद विचारण्याच्या अर्थानं आपल्याकडे अजून जिवंत आहे, आणि 'मला कोण पुसतंय' या तीन शब्दांत तुम्ही शोधता आहात ते जवळजवळ सगळं येतं.

या घराण्यातला सगळ्यात देखणा शब्द पंक्तिप्रपंच. एका पंगतीला बसलेल्यांना वाढताना केलेला भेद. तुमच्याकडे लातूर-धाराशिवला वेळ अमावस्येला शिवारात पंगत बसते, भज्जी आणि आंबील वाढली जाते, तिथे घरचा, सालगडी, वाटसरू सगळ्यांच्या पुढ्यात तेच पडतं आणि तेच पडलं पाहिजे. एकाला दाट आणि दुसऱ्याला पातळ वाढणं याला आपल्या लोकांनी नुसता वाईट वागण्याचा नव्हे, पापाचा दर्जा दिला. जेवणाच्या ताटावर माणसाची किंमत ठरते, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी घडवलेला हा शब्द आहे.

आता चित्रपटातला तो प्रसंग आठवा. आईवडिलांच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाची पार्टी अंगणात करायची आहे आणि डॉनच्या क्लबची तिथली छोटी खोपी त्यासाठी पाडायची आहे. डॉन नाही म्हणते. आई ती खोपी मार्क आणि मिसीकडून पाडून घेते, आणि डॉनच्या वाट्याचा केक त्या दोघांत वाटून टाकते. ताई, हा अक्षरशः पंक्तिप्रपंच आहे. न्यू जर्सीच्या जेवणाच्या टेबलाला हा शब्द जितका बसतो तितका तुमच्या खर्ड्यातला 'मत्सर' कुठेच बसत नाही. परिचयात तो जरूर वापरा. मुलांना माहीत नसेल तर एका ओळीत अर्थ सांगा. लातूरच्या मुलांना पंगत समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या पुराणातही ही मांडणी सापडते. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला आहे, ध्रुव बसायला जातो आणि सुरुची त्याला हटकते. राजा गप्प राहतो. ध्रुवाला उत्तमाचा मत्सर वाटला असं ही गोष्ट सांगताना आपल्याकडची कुठलीच आजी म्हणत नाही. दोष सुरुचीच्या बोलण्याचा आणि राजाच्या गप्प बसण्याचा. लेकराच्या वाट्याला फक्त दुखावणं येतं, आणि ते त्याला रानात घेऊन जातं.

पण डॉनला सगळ्याच दोषातून सोडवावं असंही मला म्हणायचं नाही. चित्रपट काळा आहे तो इथेच. पार्टीत तिला पाण्यात ढकललं जातं. रात्री घरातले सगळे त्या क्षणाची चित्रफीत बघून हसतात. त्या रात्री ती ती फीत हातोडीनं फोडते आणि झोपलेल्या मिसीवर तोच हातोडा क्षणभर उगारते. पुढे आईचा निरोप येतो की मला उशीर होईल, मिसीला बॅलेच्या बाईंबरोबर घरी यायला सांग. डॉन तो निरोप मिसीला सांगत नाही, पोटात ठेवते. मिसीला पळवून नेलं जातं. इथे 'वाटणं' संपून 'करणं' सुरू झालेलं आहे. हेवा आता पुरणार नाही. दुस्वास म्हणा, आकस म्हणा; माझा कल 'डूख धरणं'कडे आहे. ते सापाचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं: डिवचलेला जीव लक्षात ठेवतो आणि वेळ आल्यावर डसतो. डूख धरणाऱ्याला आधी कुणीतरी डिवचलेलं असतं, ही गोष्ट त्या शब्दातच आहे, म्हणून तो न्यायाचा आहे. नंतर मिसीला शोधायला हीच डॉन एकटी न्यूयॉर्कला जाते, हे परिचयात सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं नसतं.

जळणं, पोटात दुखणं, जळकुकडी हे शब्द परिचयात घेऊ नका. ते भांडणात समोरच्याच्या तोंडावर मारायचे आहेत, समजून घेण्याचे नाहीत.

आता न्यूनगंड. हा घडवलेला शब्द आहे, आल्फ्रेड ॲडलर यांच्या मानसशास्त्रातल्या संकल्पनेसाठी, आणि उत्तम घडला आहे. गंड म्हणजे फोड, गाठ. गंडमाळ म्हणतो त्यातला. उणेपणाची मनात बसलेली गाठ. याच साच्यात पुढे अहंगंड बसला. ॲडलर हे मुळात वैद्यकीचे डॉक्टर, 1870 साली व्हिएन्नाजवळ जन्मलेले, लहानपणी आजारी आणि मागे पडलेले, थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेले. मुलाचा घरातला जन्मक्रम त्याचा स्वभाव घडवतो हा विचार त्यांनीच जोरानं मांडला. म्हणजे तुमच्या विषयाशी या शब्दाचं नातं जन्मापासूनचं आहे. तरी डॉनसाठी मी तो वापरणार नाही. ॲडलर स्वतः उणेपणाची भावना आणि उणेपणाचा गंड या दोन गोष्टी वेगळ्या मानत. भावना प्रत्येक मुलात असते, तीच त्याला धडपडायला लावते. ती गोठून माणूस अडला की गंड. डॉन अडलेली नाही. ती खोपी पाडायला नाही म्हणते, शिक्षा भोगते आणि पुन्हा उभी राहते. भावना दाखवायची तर 'न्यूनभाव' असा साधा शब्द आहे.

'तिचा आत्मसन्मान कमी आहे' हेही तुमच्या खर्ड्यात दुसऱ्या परिच्छेदात आहे. ते काढा. मराठीत आत्मसन्मान दुखावतो, जपला जातो, गहाण पडतो. तो कमी-जास्त होत नाही. इथे चांगलं क्रियापद आहे 'लेखणं': स्वतःला कमी लेखणं. त्यात एक जास्तीची सोय आहे. कमी लेखणारा कोण हे वाक्यात सांगावंच लागतं. डॉनला आधी शाळा कमी लेखते, मग घर, आणि मग हळूहळू ती स्वतः. या क्रमानं लिहिलंत तर चित्रपटाची चढण वाक्यातच उतरेल. तिची घरातली जागा सांगायला 'ती कुणाच्या खिजगणतीत नाही' हे बोलकं आहे. थोरल्याला मान असतो, धाकट्याला 'शेंडेफळ' असं लाडाचं नाव असतं. मधल्याला आपल्या भाषेत लाडाचं नाव नाही, नुसतं 'मधलं'. ही उणीव मला मराठीची खरी उणीव वाटते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, अशा चित्रपटांच्या जातीला काय म्हणावं. 'वयात येण्याची कथा' टाळा, कारण मुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ लगेच पाळी येण्याकडे जातो आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू होते. 'पौगंडावस्था' बरोबर आहे पण पाठ्यपुस्तकी. (त्यातल्या 'गंड'चा न्यूनगंडाशी काही संबंध नाही, हे कुणी विचारलं तर सांगता येईल.) मी 'जाणतं होण्याची गोष्ट' म्हणेन. आपल्याकडे 'पोरगी जाणती झाली' हे अंगाबद्दलही म्हणतात आणि समजुतीबद्दलही, आणि डॉनच्या बाबतीत दोन्ही लागू आहे. 'डार्क'साठी 'काळी' पुरे. 'गडद' हा रंगाचा शब्द, त्यानं आशय कळत नाही. 'जाणतं होण्याची एक काळी गोष्ट' असं शीर्षकाखाली छापलंत तर चालेल. खर्डा बदलून झाला की पाठवा, वाचायला आवडेल. आणि परभणी, हिंगोली, जालन्याकडच्या कुणाच्या घरात मधल्या लेकराला हाक मारायचा एखादा लाडाचा शब्द असेल, तर तो मला जरूर कळवा.